अव्वांच्या दारातला डंक

अव्वांना दमा होता, आणि त्यांच्या घराच्या पुढच्या गाळ्यात मिरची कुटायचं कांडप होतं. कोल्हापुरात त्याला डंक म्हणतात. हे कुणालाही सांगितलं की समोरचा हळहळतो, "अरेरे, डंकामुळंच दमा झाला असेल." तर तसं नाही. दमा आधीचा, त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. डंक पुष्कळ नंतर आला, आणि तो अव्वांनी स्वतः, सगळ्या गल्लीचा विरोध मोडून, दारात आणून बसवला.

त्या माझ्या घरमालकीण. नव्वदच्या दशकात मी औषधकंपनीचा प्रतिनिधी म्हणून कोल्हापुरात आलो. मूळचा नाशिककडचा, इथं ओळख कुणाची नाही. कसबा बावड्यात, उसाची शेतं संपून नवे बंगले सुरू होत होते तिथं, त्यांचं दुमजली घर होतं. वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून गेलो, तर अव्वा दारात खुर्ची टाकून बसलेल्या. साठीच्या, अंगानं गोल, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. माहेर-सासर दोन्ही गडहिंग्लजकडचं लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, रागात दोन्ही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती, शेजारच्या घरात कुणी बासरी शिकत असावं तशी.

"भाड्याचं... मागनं बोलू," त्या म्हणाल्या. "फोडणी... कशात करतोस?"

मी म्हणालो, मी खानावळीत जेवतो, खोलीत फोडणीचा धूर होणार नाही.

"मग... खोली तुझी. पावणं, सामान... आण की."

त्या दिवसापासून मी पावणं झालो आणि शेवटपर्यंत पावणंच राहिलो.

त्यांच्या बोलण्याची एक रीत होती. दम लागलेल्या माणसाला एका श्वासात फार शब्द मिळत नाहीत. छाती मोकळी असली तर अव्वा चार-पाच शब्द सलग बोलायच्या. बिघडली की दोन दोन. त्यामुळं महत्त्वाचं ते आधी बोलून टाकायची त्यांना सवय लागली होती, आणि त्यांच्या लेखी महत्त्वाची असायची ती शिवी. दूधवाल्यानं पाणी घातलं तर "मुडद्या" हा शब्द तेवढा खणखणीत यायचा. मग श्वास. मग "दुधात". मग परत श्वास. तेवढ्यात दूधवाला सायकलवर टांग मारून पुढच्या गल्लीत गेलेला असायचा. गल्लीतल्या प्रत्येकानं अव्वांची शिवी खाल्ली होती आणि कशाबद्दल खाल्ली ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

गच्चीवर एक उंच बांबू होता, त्याला जुन्या लाल लुगड्याची पट्टी बांधलेली. नवीन माणूस तिला देवाची ध्वजा समजून खालून नमस्कार करायचा. ती होती वारं बघायला. नदीकडनं वारं असलं की डंकाची धूळ रस्त्याकडं जायची आणि डंक चालायचा. वारं फिरून घराकडं आलं की अव्वा खुर्चीवरून हात वर करायच्या आणि डंक बंद. बायका डोक्यावर मिरचीची गाठोडी घेऊन लांबनं यायच्या आणि त्यांना सांगितलं जायचं, "वारं फिरलं की या." एकदा एक बाई चिडली. म्हणाली, "मी काय होडीत बसून आलीया व्हय?" अव्वांनी तिला एक शब्द ऐकवला. उरलेलं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती थांबली नाही.

डंक चालवायच्या शोभाताई. त्यांचं घर बौद्ध, राहायला पलीकडच्या वस्तीत. नवरा अपघातात गेला, दोन लहान मुली मागं राहिल्या. भावानं कांडपाचं यंत्र घेऊन दिलं होतं, पण ते पोत्यात गुंडाळून पडलेलं, कारण गाळा कुणी देईना. एकाला आवाजाचा त्रास होणार होता, दुसऱ्याला गावाकडच्या भावाला विचारायचं होतं, तिसऱ्याचा गाळा नेमका परवाच दुसऱ्या कुणाला देऊन झाला होता आणि तो वर्षभर रिकामाच राहिला. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं वर्षभराचं तिखट, ही घरातल्या स्वयंपाकाची निम्मी अब्रू, तिला कुणाचा हात लागतो याचा हिशेब लोकांच्या डोक्यात चालू होता. तोंडानं कुणी बोलत नव्हतं इतकंच.

अव्वांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी शोभाताईंना बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "लसूण... सोलून घालतीस... का तसाच?"

"सोलून घालते, अव्वा."

"मग यंत्र... घिऊन ये."

मी नवा होतो. शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, अव्वा, दम्याच्या माणसानं मिरचीपासून लांब राहावं. तुम्ही ती दारात कशाला आणता?

"आयुष्यभर चटणी... दुसऱ्याच्या नजरंखाली कुटून आणली," त्या म्हणाल्या. "डंकाजवळ... मला उभारता येत न्हाय. आता माझ्या... दारात कुटल्याली... बघायची."

आणि त्या बघायच्या खऱ्या. त्यांची चटणी कुटायच्या दिवशी त्या माझ्या खोलीच्या बंद काचेमागं, नाकातोंडाला ओला पदर बांधून, हातात छत्री घेऊन उभ्या राहायच्या. छत्री एकदा वर झाली की मीठ घाल, आडवी झाली की बास, उघडली की तीळ कमी पडले. खाली शोभाताई मान वर करून बघायच्या आणि पळीनं उत्तर द्यायच्या. शब्द एकही नाही. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे.

माझ्या बॅगेत कंपनीनं दिलेलं एक प्लॅस्टिकचं मॉडेल असायचं. श्वासाच्या दोन नळ्या, मधून कापून दाखवलेल्या. एक निरोगी माणसाची, आतून मोकळी, गुलाबी. दुसरी दम्याची: आतलं अस्तर लाल होऊन सुजलेलं, बाहेरच्या स्नायूनं नळी करकचून आवळलेली, आणि मधे उरलेल्या चिंचोळ्या वाटेत पिवळा चिकट कफ. डॉक्टरांपुढं ते ठेवायचं आणि आपल्या औषधाचं नाव घ्यायचं, हे माझं काम. अव्वांनी ते एकदा बघितलं.

"पडवळ कापून... ठेवलंय व्हय?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, फिरवून बघितलं, निरोगी नळीकडं जरा हेव्यानं बघितलं आणि परत केलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली आलो तर डंकासमोरच्या रांगेतल्या बायकांना त्यांचं शिकवणं चालू.

"हात सुजलाय... वर बांगडी... आवळलीया... आन मधी डिंक. कशी निघंल?"

बायका हळहळल्या. मला ऐकतच राहावंसं वाटलं, पण एक दुरुस्ती केल्याशिवाय राहवेना. म्हटलं, अव्वा, खरी अडचण हवा आत घेताना कमी आणि बाहेर सोडताना जास्त. आतली जुनी हवा बाहेर पडत नाही, त्यामुळं नव्या हवेला जागाच राहत नाही.

अव्वा एकदम खूश झाल्या. मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "मला ठावं हाय की! पावणं येतंय... आन जातच न्हाय. त्याच्यावर... आनी पावणं येतंय."

रांगेतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं.

एवढं कळत होतं, पण तोंडानं औषध ओढायचा पंप म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. मी औषधांचाच माणूस, नमुन्याचे पंप माझ्या बॅगेत कायम. मी पुढं केला की त्या हात मागं घ्यायच्या. पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा लागला की सुटत नाही, असं तेव्हा सगळेच मानायचे. अव्वांचं कारण मात्र स्वतःचं होतं. सासरी शेती होती, विहीर होती. "मोट होती... तंवर पाणी होतं. पंप बसवला... आन हीर आटली." छातीचीही विहीर आटेल अशी त्यांना खरोखर भीती होती. मी म्हणायचो, अव्वा, छातीत विहीर नसते. त्या म्हणायच्या, "तू बघितलीस... व्हय आत?"

त्यापेक्षा बाकी कसलाही इलाज त्यांना चालायचा. आजऱ्याकडच्या कुणी तरी सांगितलं, दम्याच्या माणसाजवळ शेळी बांधावी, दमा शेळीत जातो. आडवं झालं की दम लागायचा म्हणून अव्वा रात्री खाटेवर बसूनच झोपायच्या; शेळी आणून त्यांनी त्या खाटेच्या पायाला बांधली. शेळीच्या केसांनी अव्वांची छाती आणखी वाजू लागली आणि डंकाच्या धुळीनं शेळी शिंकू लागली. अव्वा मात्र समाधानात. म्हणाल्या, "जाया लागलाय... बघ... तिच्यात." शेवटी शेळीनंच एके दुपारी दावं तोडलं आणि ती भर उन्हात नदीकडं पळाली. परत आली नाही. अव्वांनी सगळ्यांना सांगितलं की जाताना ती निम्मा दमा घेऊन गेली.

मग एक तक्रार झाली.

समोरच्या नव्या बंगल्यात एक निवृत्त साहेब राहायला आले होते. शुद्ध बोलायचे, सकाळी फिरायला जायचे. त्यांनी डंकाविरुद्ध महापालिकेत अर्ज दिला. कोपऱ्यावर आणखी एक डंक होता, त्याची मालकी वेगळ्या माणसाची. त्याच्याबद्दल अर्ज नव्हता. अर्जात लिहिलं होतं की दमेकरी वृद्धेच्या जिवाला धोका आहे. म्हणजे शोभाताईंचं पोट बंद करायला अव्वांचीच छाती वापरली होती. शोभाताई त्या दिवशी लसूण सोलत राहिल्या. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "अव्वा, बंद कर म्हटलं तर करते. तुमच्या जिवापेक्षा जास्त न्हाय."

अव्वांनी त्यांना शिवी दिली आणि या खेपेला वाक्य पूर्ण केलंच नाही.

तपासणीला अधिकारी येणार त्या दिवशी मी कामाला निघालो होतो. खाली आलो तर अव्वा इरकल नेसून, केसांना तेल लावून, खुर्ची थेट डंकासमोर टाकून बसलेल्या. डंक चालू. भर उन्हाळ्याचे दिवस, चटणीचा हंगाम, रांग पार वळणापर्यंत. हवेत लाल धूर. मी वर बांबूकडं बघितलं. पट्टी घराकडं फडफडत होती.

"अव्वा, वारं उलटं आहे!"

"आज वारं... बघायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आज त्येनं... आमच्याकडं बघायचं."

जीप आली. अधिकारी तरुण होता, उतरल्या उतरल्या त्याला ठसका लागला. निवृत्त साहेब लगबगीनं बाहेर आले.

"बघा, ही परिस्थिती! या बाईंना दमा आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. आमची तक्रार त्यांच्या काळजीपोटी आहे."

"काळजी... ह्येला... आजच... लागली," अव्वा म्हणाल्या. शिट्टी आता रस्त्यापलीकडं ऐकू जात होती.

"आजी, तुमच्या छातीतून आवाज येतोय," अधिकारी म्हणाला.

"माझ्या... न्हाय. मांजर... हाय. खुर्चीखाली."

अधिकाऱ्यानं खरंच वाकून बघितलं. "इथं मांजर नाही."

"गेलं... आसंल."

"पण आवाज अजून येतोय."

"परत... आलं."

रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "व्हय साहेब, हाय मांजर, मी बघितलंय." दुसरी म्हणाली, "दोन हायती." अधिकारी पुन्हा वाकला. निवृत्त साहेब संतापून म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?" मीसुद्धा हसत होतो.

आणि शिट्टी थांबली.

"हां!" निवृत्त साहेब म्हणाले. "आता बरी थांबली. म्हणजे मुद्दामच चाललं होतं."

"गेलं मांजर," अधिकारी हसून म्हणाला.

माझं हसू जागच्या जागी विरलं. कामाला लागलो तेव्हा आम्हाला शिकवायला आलेल्या छातीच्या डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: शिट्टी वाजते आहे तोवर थोडी का होईना हवा जाते-येते आहे. माणूस झगडतो आहे आणि शिट्टी मात्र बंद पडली, तर तो बरा झालेला नाही. वाजायला पुरेल इतकीही हवा आता जात नाही. मी अव्वांकडं नीट बघितलं. खांदे कानापर्यंत चढत होते. गळ्याच्या खाली, हाडांच्या मधे, प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. ओठ जांभळट. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले, आणि तोंडातून एक शब्दसुद्धा नाही. शिवीसुद्धा नाही.

"डंक बंद करा!" मी ओरडलो.

शोभाताईंनी खटका दाबला. अव्वांनी एक हात सोडून हवेत फिरवला: चालू कर. मी बॅगेतून निळा पंप काढला. इतकी घुसमटलेली बाई पंप तोंडात धरून वेळेवर श्वास ओढणार कशी? एका बाईच्या पिशवीत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. ती रिकामी करून शोभाताईंच्या विळीनं बुडाला भोक पाडलं, त्यात पंप बसवला. बाटलीत औषध सोडायचं आणि तोंडानं ओढत राहायचं. बाटली अव्वांच्या तोंडाशी नेली. अव्वांनी ओठ घट्ट मिटले आणि अधिकाऱ्याकडं बघत राहिल्या. त्यांचा विचार मला स्पष्ट दिसत होता. त्याच्यासमोर पंप घेतला म्हणजे दमा कबूल केला, आणि डंक गेला.

शोभाताई पुढं आल्या. तिखटाचे हात ओट्यावरच्या बादलीत खसाखसा धुतले, अव्वांसमोर गुडघे टेकले.

"अव्वा, तोंड उघडा."

अव्वांनी मान हलवली.

"तोंड उघडा, न्हायतर हे यंत्र आत्ता भंगारात घालते. तुमच्या मढ्यावर मला धंदा करायचा न्हाय. आयकताय का? पोरींच्या गळ्याची आण, घालते भंगारात!"

अव्वांनी तोंड उघडलं.

मी पंप दाबत राहिलो, त्या ओढत राहिल्या. आम्ही खुर्चीसकट त्यांना उचलून घराच्या दुसऱ्या अंगाला नेलं. निवृत्त साहेब गोंधळून वाटेतच उभे होते. मघाशी मांजर बघितलेली बाई त्यांना म्हणाली, "काळजीपोटी जरा बाजूला व्हा." थोड्या वेळानं छातीतून अगदी बारीक, फाटकी शिट्टी आली. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. अधिकाऱ्यानं स्वतः जीपचं दार उघडलं. शोभाताई मागं अव्वांना बसती धरून, मी बाटली धरून, आणि पुढं तो अधिकारी खोकत खोकत ड्रायव्हरला सांगतोय, "हॉर्न वाजव, हॉर्न!"

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, वाफेचं औषध लागलं, इंजेक्शनं झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुखवट्याआडच्या अव्वांना चांगलं झापलं. निळा पंप आवळलेली नळी घटकाभर सैल करतो, पण आतली सूज उतरायला दुसरा पंप रोज, बरं वाटत असलं तरी रोज, घ्यावा लागतो. सूज तशीच ठेवून इतकी वर्षं काढलीत, आता पुरे. अव्वा छताकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बघायला आला. अव्वांचा मुखवटा काढलेला होता. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एका दमात अख्खं वाक्य ऐकलं.

"साहेब, तुमच्या जीपची गादी लई घाण हाय, त्या धुळीनंच मला दमा लागला, आसं लिवा कागदावर."

वाक्य संपल्यावर त्या स्वतःच चकित झाल्या. एवढा श्वास पुरला कसा, म्हणून त्यांनी आणखी दोन वाक्यं बोलून बघितली. ती दोन्ही निवृत्त साहेबांबद्दल होती आणि इथं देता येत नाहीत.

अधिकारी बापडा भला होता. तसं काही लिहिता येणार नाही म्हणाला, पण डंक बंद करा असंही त्यानं लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: यंत्र गाळ्याच्या आतल्या खोलीत न्यायचं, दार लावून चालवायचं, धूळ पंख्यानं ओढून नळीवाटे कापडी पिशवीत सोडायची. शोभाताईंच्या भावानं ते सगळं बसवून दिलं. कोपऱ्यावरच्या डंकालाही मग तसंच करावं लागलं, त्यामुळं त्याच्या मालकानं निवृत्त साहेबांशी बोलणं टाकलं.

अव्वांनी रोजचा पंप धरला, आणि धरला तो असा की आम्हालाच नको झालं. सकाळी रांगेसमोर उभं राहून पंप ओढायच्या, गाल फुगवून श्वास धरायच्या, बायकांनाही धरायला लावायच्या. ज्यांना काहीही झालेलं नव्हतं त्याही बायका डोळे मोठे करून श्वास धरून उभ्या. मग चूळ भरून अव्वा म्हणायच्या, "पंप शेवटचा न्हवं, पयला." आता वाक्यं पूर्ण होऊ लागली तशी गल्लीची पंचाईत झाली. आपण शिवी कशाबद्दल खातो ते लोकांना कळू लागलं. दूधवाल्यानं पाणी घालणं सोडलं.

पुढं माझी बदली झाली. लग्न झालं, दुसरं गाव झालं. कधी कोल्हापूरला गेलो तर चटणीचा डबा मिळायचा आणि "पावणं, जायाचं कवा?" हा प्रश्न, आल्या आल्या.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी शोभाताईंच्या थोरलीचा फोन आला. अव्वा सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. दमा नव्हे, हृदय. मी मिळेल त्या गाडीनं पोचलो.

त्यांच्यात जाळत नाहीत. देहाला बसवून समाधी देतात. गडहिंग्लजहून भाचे, पुतणे, स्वामी आले होते. विभूती लावून, बेल-फुलं वाहून, अव्वांना मांडी घालून खड्ड्यात बसवलं, पाठीला मातीचा आधार दिला. शोभाताई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं. त्या टाच उंचावून वाकून बघत होत्या.

"बसवलंय व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, हो, त्यांच्यात अशीच पद्धत असते.

लोक मूठमूठ माती टाकायला लागले तेव्हा शोभाताईंनी पदरानं डोळे पुसले.

"बरं केलं बाई," त्या म्हणाल्या. "आडवं केलं असतं तर रातभर दम लागला असता त्यास्नी."